बहिणीच्या वाटणीची हळद

९ माघ, बेलतला

तोफाज्जल,

तुझ्या बुबूची दुआ घे. मोठी बहीण आहे, तेव्हा आधी सगळ्यांची खुशाली विचारते. भांडण मग.

तुझे गुडघे कसे आहेत? यंदा थंडी हाडात शिरलीय, रात्री मोहरीचं तेल कोमट करून चोळत जा. मोर्शेदाची साखर आटोक्यात आहे का, की अजून तुला चोरून तांदूळ-गुळाचे गोड पिठे खाते? तहमिनाचा खोकला गेला का? लग्न तोंडावर आलंय, नवऱ्या मुलीला गिरणीच्या धुळीत बसवू नकोस. तांबडी गाय व्याली का? आणि तुझ्या डोक्याचं काय? मागे म्हणाला होतास, "हाटात गेलो बुबू, आणि कशाला आलो तेच आठवेना." हाताची थरथर थांबली का? बरं, तुझा तो ड्रम कसा आहे? दिवसभर गरगर फिरून हळद घासतो तो. त्याची प्रकृती उत्तम असणार. तुझ्या घरात धडधाकट असा तोच एक.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी तोंड उघडलं की तू "रेंज नाही, बुबू" म्हणून बंद करतोस. पत्राला रेंज लागत नाही. तुला अक्षरं लावत लावत वाचायचा कंटाळा, ते मला ठाऊक आहे. तहमिना वाचून दाखवील. तहमिना, माझी माय, एक शब्द गाळायचा नाही. बाप "पुढचं वाच" म्हणाला की तीच ओळ पुन्हा वाचायची, फुफूची, तुझ्या आत्याची आण आहे.

आता ऐक. पौषात आमच्या गावात ढाक्याहून रक्त तपासणाऱ्या बायका आल्या. पोटुशा बायकांचं आणि लहान पोरांचं रक्त घेत होत्या. माझी सून लाइजू पोटुशी आहे, म्हणून तिचं घेतलं, आणि नातीचं, रुमकीचंही घेतलं. रुमकी सुई पाहून रडली नाही, मला फार कौतुक वाटलं. नंतर कळलं की ती कशालाच फारशी रडत नाही आताशा.

पंधरवड्याने त्यांच्यातली डॉक्टर इफ्फत परत आली. लहानखुरी पोर, चष्मा नाकावर घसरलेला. म्हणाली, "नानी, दोघींच्या रक्तात शिसं आहे. बरंच आहे."

मी हसले. शिसं म्हणजे जाळ्याला बांधतात ते! आमच्या घरात कोळी कोणी नाही. शिसं काय आम्ही भाताबरोबर खातो?

ती म्हणाली, "हो, नानी. तेच शोधायचंय."

मग तिने माझं घर चाळलं. बोअरचं पाणी घेतलं. अंगणातली माती घेतली. भांडी खरवडली, रुमकीच्या खेळण्यांचा रंग खरवडला. शेवटी चुलीपाशी बसून डबे उघडत गेली. हळदीचा डबा उघडला आणि चष्मा वर सरकवून बघतच राहिली.

"नानी, ही कुठून घेता?"

"घेऊ कशाला? माझा भाऊ पाठवतो. माहेरची आहे. एकेक हळकुंड निवडून पाठवतो. सगळ्या बेलतल्यात असा रंग कोणाच्या डब्यात सापडायचा नाही!"

बघ, किती तोऱ्यात बोलले मी. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हावं, तशी म्हातारी मी, तुझ्या हळदीने पिवळी झाले होते.

हळद तपासून आली. शिसं त्यातच आहे, तोफाज्जल. माझ्या माहेरच्या हळदीत. इफ्फत सांगत होती, शिसं पोटातून रक्तात जातं, रक्तातून मेंदूत. मोठ्या माणसाला विसराळू करतं, चिडकं करतं, हात थरथरायला लावतं. लहानाचा तर मेंदू घडतानाच कोरून खातं, आणि जे खाल्लं ते सगळं परत मिळत नाही. पोटातल्या जिवाचं तर विचारूच नकोस.

मी तिला म्हटलं, "अगं पण हळदीने डोकं तल्लख होतं ना?"

ती म्हणाली, "खरी हळद डोक्याला किती चांगली, ते शास्त्रवाले अजून तपासताहेत. ही किती वाईट, ते तपासून झालंय."

तुला आठवतं, आपली आई सकाळी उठल्याउठल्या आपल्या हातावर कच्च्या हळदीची चकती आणि खजुराच्या गुळाचा खडा ठेवायची? "चावा, डोकं जागं राहतं." तू चकती कोंबड्यांपुढे टाकायचास आणि गूळ खायचास. मी दोन्ही खायचे. त्याच भरवशावर मी रुमकीला रोज दुधात तुझी हळद घालून देत होते. ती पहिलीत पटापट पाढे म्हणायची. दुसरीत अडखळायला लागली. मी हळद वाढवली. दुकानात मीठ आणायला पाठवली तर रिकाम्या हाताने परत आली. मी आणखी वाढवली. पोर विसरत गेली आणि मी चमचा भरत गेले. मास्तरीण म्हणाली, "हिचं लक्ष नसतं." मी मास्तरणीशी भांडले!

एवढंच विचारते. ड्रम थांबवायच्या आधी शेवटी तू आत रंग टाकतोस का? 'हो, टाकतो' किंवा 'नाही, टाकत नाही'. आईच्या वर्षदिनाच्या मिलादला, दुआ मागायला, तू आला नाहीस आणि "विसरलो" म्हणालास, ते मी गिळलं. जिने तुला पाठीवर बांधून पूर ओलांडला, तिचा दिवस विसरलास. ठीक. पण हे विसरलो म्हणू नकोस.

तुझी बुबू,
जोबेदा


२६ माघ, बेलतला

तोफाज्जल,

मी पत्र धाडलं आणि तू व्हॅनवाल्या मोक्सेदबरोबर निरोप धाडलास. तो बिचारा अंगणात उभा राहून, मान खाली घालून, तुझं पाठ केलेलं बोलत होता. "भाई म्हणाले, बुबूला सांग, सगळा हाट टाकतो. नुसता रंग आहे, विष नाही. मळकट हळदीला हाटात कुत्रं विचारत नाही. शहरातल्या शिकलेल्या पोरींचं ऐकून बुबूने रक्ताचं नातं तोडू नये."

आणि वर हळदीची नवी पिशवी. समेटाची!

रक्ताचं नातं. रक्ताचंच तर सांगतेय रे बाबा!

ती पिशवी अजून पडवीच्या आढ्याला टांगलेली आहे. फेकू कुठे? उकिरड्यावर फेकली तर कोंबड्या टोचतील. पद्मा नदीत फेकली तर मासे खातील, मासे आम्ही खाऊ. जाळली तर धूर. इफ्फत म्हणते, बांधून ठेवा, हात लावू नका. म्हणजे माहेरची भेट आता आमच्या घरात वेताळासारखी टांगलेली.

रंगाचं मला सांगू नकोस. तो घरात आला तेव्हा मी तिथेच होते. महापुराचं साल. हळद उकडून झालेली आणि वाळवायला कोरडी जमीन नाही. बाबांनी ती मचाणावर पसरली, घराच्या कौलांवर पसरली, शेवटी आपल्या झोपायच्या चटयांवर पसरली. तरी काळी पडली. त्याआधी आपण दोघं गोणपाटात हळद भरून पायाने तुडवायचो, साल निघायची, बस्स. तांबूस मातकट निघायची आणि तीच विकली जायची. त्या साली एक बेपारी पुडी घेऊन आला. 'मोहरीफुली' म्हणायचा तिला. इफ्फत म्हणते, शिसं त्या रंगातच असतं. मूठभर टाकली नि काळी हळद शेतातल्या मोहरीसारखी फुलली. बाबा बघत राहिले. म्हणाले, "अल्लाने वाचवलं." त्या साली वाचलोही. पण पूर ओसरला आणि पुडी राहिली. दर साली थोडी जास्त. गिऱ्हाईक उजळ मागतं म्हणून तू उजळ केलीस, तू उजळ केलीस म्हणून गिऱ्हाईक आणखी उजळ मागायला लागलं. पी हळद नि हो गोरी! गोरं कोणीच झालं नाही.

तेव्हा बाबांना माहीत नव्हतं, तुला नव्हतं, मलाही नव्हतं. ठीक. माहीत नसण्याचा गुन्हा मी कोणावर लादत नाही.

पण आता मी दुसरं विचारणार आहे, आणि तहमिना, पोरी, इथे तू आवाज खाली आणू नकोस.

इफ्फतला मीच तुझ्या घरी पाठवलं. तू गिरणीत निघून गेलास, रक्त दिलं नाहीस. मोर्शेदाने दिलं, तहमिनाने दिलं. काल उत्तर आलं. दोघींचं रक्त जवळजवळ स्वच्छ. तहमिनाचं तर माझ्या रुमकीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं कमी. हळदीच्या गिरणीच्या अंगणात वाढलेली पोर! आणि दोन नद्या ओलांडून पलीकडे राहणाऱ्या माझ्या नातीच्या अंगात शिसं.

कसं, तोफाज्जल?

इफ्फत म्हणाली, "नानी, त्यांच्या स्वयंपाकघरातली हळद वेगळी आहे. मातकट. तिच्यात रंग नाही."

ऐकलंस? तुझ्या घरात तू रंगाची हळद खात नाहीस. बायकोला देत नाहीस, मुलीला देत नाहीस. बहिणीला पाठवतोस. निवडून! याला मी काय म्हणू? कुंपण शेत खातं हे ऐकलं होतं. पण कुंपणाने स्वतःपुरतं धान्य बाजूला काढून ठेवावं आणि बाकीच्यावर विष फवारावं, हे तुझ्याकडून शिकले.

पोरीचं लग्न आहे म्हणून गुदामात पोती रचून ठेवली आहेस, तीही असल्याच रंगाची. ती हाटात जातील, हाटातून कोणाच्या तरी डब्यात, डब्यातून कोणाच्या तरी रुमकीच्या दुधात. ती पोती गुदामाबाहेर निघता कामा नयेत. हे मी विनवत नाही, सांगते आहे.

तुझ्या पायांनी चालत येऊन उत्तर दे. नाहीतर मी येते.

जोबेदा


११ फाल्गुन, बेलतला

तोफाज्जल,

तू आला नाहीस, मी आले. काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. तुझ्या तोंडचे शब्द तुला कागदावर दिसू देत. आणि हल्ली तू विसरतोस.

दारातच मी म्हटलं, "मोर्शेदा, तुझ्या घरातली हळद दाखव."

"आधी बसा तरी, बुबू. पान लावते."

"पान नको. हळद."

तिने चुलीमागचं मडकं आणलं. मी हात घातला. चुरा. मोडके तुकडे, टोकं, बोंडं. एक धड हळकुंड नाही. आपण पायाने तुडवायचो तेव्हाच्या हळदीचा रंग. मी ते मडकं तुझ्यासमोर आपटलं. फुटलं नाही, पण आवाज झाला. म्हटलं, "घरच्यांसाठी ही, आणि माझ्यासाठी ती?"

तू काही बोलायच्या आत मोर्शेदाच उसळली. "बघा ना! तुम्हीच विचारा तुमच्या भावाला! लग्न करून आले तेव्हापासून या कंजुषाने मला अख्खं हळकुंड बघू दिलेलं नाही. जाळीतून पडेल तो चुरा घरात, चांगलं ते हाटात, आणि सगळ्यात चांगलं बुबूला! दर साली माझ्यादेखत निवडत बसतो. मी एक उचललं तर हातावर फटका. 'ठेव ते, बुबूचं आहे.'"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतास, लहानपणी गूळ चोरल्यावर उकरायचास तसा.

"चुऱ्यावर रंग कोण वाया घालवील, बुबू?" तू म्हणालास. "ड्रम फिरला की साल आणि चुरा जाळीतून खाली पडतो. सगळा पडून गेला की मग रंग टाकतो. तो चुरा विकत नाही कोणी. म्हणून घरात."

"आणि मला?"

"तुला चुरा कसा पाठवणार? तुझ्या सासरची माणसं काय म्हणतील? भाऊ गिरणीवाला आणि बहिणीच्या डब्यात उकिरडा? तुला पाठवायच्या हळदीवर मी..." आणि तू थांबलास. "तुझ्या हळदीवर मी रंगाचा दुसरा हात देत होतो, बुबू. खास."

या वाक्यानंतर मला घोटभर पाणी लागलं.

दुसरा हात. खास. म्हणजे बायकोवर चिकटपणा केलास म्हणून ती वाचली. मुलीला उरलंसुरलं चारलंस म्हणून ती वाचली. आणि माझ्यावर जीव लावलास म्हणून माझी रुमकी तीन आठे किती ते बोटांवर मोजत बसते आणि मधेच बोटंच विसरते. असला जीव नको होता रे! कंजूष व्हायचं होतंस माझ्याशीही! तू बदमाश निघाला असतास तर मला सोपं गेलं असतं. घरी जाऊन तुझ्या नावाने बोटं मोडली असती, दार लावून घेतलं असतं. आता रागाने उचललेला हात कुठे मारू, तेच कळत नाही. पण राग गेला असं समजू नकोस. प्रेमाने वाढलं म्हणून विषाची खीर होत नाही.

त्यानंतर तू आईच्या नमाजाच्या मुसल्ल्यावर हात ठेवलास. तहमिना समोर होती, मोर्शेदा होती. तू म्हणालास, "ड्रम बंद. गुदामातली पोती विकणार नाही. इफ्फतची कचेरी सांगेल तशी लावीन विल्हेवाट. पोरीचं लग्न साधं करू." मोर्शेदाने पदर तोंडात धरला. मला कळतं तिचं. वरपक्षाला बोलावणी गेली आहेत, दागिने सोनाराकडे अडकलेत आणि सगळी आशा त्या पोत्यांवर. तहमिनाच तेवढी म्हणाली, "अब्बा, पोतं विकून आलेली बांगडी मी घालणार नाही." तुझी मुलगी आहे खरी, हट्ट तरी तुझाच आहे.

आणि तू शेवटी रक्त दिलंस. सुई टोचताना तोंड फिरवलंस. भित्रा कुठला.

इकडची खबर. लाइजूला इफ्फतने लोहाच्या गोळ्या दिल्यात. अंडी, दूध, लहान मासे खायला सांगितलंय. बाळ ज्येष्ठात होईल. तोवर रक्तातलं शिसं किती उतरेल, हे कोणी छातीठोक सांगत नाही. मी विचारत राहते, ती "बघू, नानी" म्हणत राहते. रुमकीच्या दुधात आता काही घालत नाही. पांढरं दूध बघून ती म्हणाली, "दादी, माझ्यावर रागावलीस का?"

सांग, तिला काय उत्तर देऊ?

तहमिनाच्या अंगाला लावायची हळद माझ्या परसातली असेल. कच्ची उपटून, पाट्यावर वाटून मी स्वतः आणीन. पहिली हळद फुफूच्या हाताची, हा मान माझा आहे. तुझ्या हळदीचा कण त्या पोरीच्या अंगाला लागला तर मांडवातून उठून जाईन.

शपथ लक्षात ठेव.

बुबू


३ चैत्र, बेलतला

तोफाज्जल,

हे पत्र तुला स्वतःला वाचायचं आहे. तहमिना सासरी गेली, मोर्शेदाला अक्षर येत नाही, आणि परक्याकडून हे वाचून घेण्यासारखं नाही. म्हणून मोठमोठ्या अक्षरांत काढलंय. सावकाश लाव. मीही पोराच्या पुस्तकांवरून अशीच लावत लावत शिकले, तेव्हा तू मला "बॅरिस्टर" म्हणून चिडवायचास.

हळदीच्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तुला किती आठवतं, ते मला माहीत नाही, म्हणून मांडते.

मी परसातली हळद वाटून आणली. वाटीवरचं केळीचं पान काढताच तुझ्या शेजारणी खिदळल्या. "अगं बाई, फुफूने हळद आणलीय की तळ्यातला गाळ?" "हळदीच्या गिरणीवाल्याची लेक, आणि अंगाला चिखल!" "हे लावून नवरी गोरी व्हायची की म्हशीसारखी दिसायची?" तहमिनाने गाल पुढे केला आणि म्हणाली, "मातीतून आलीय ती. मातीसारखीच दिसणार. लाव, फुफू." मी लावली. कपाळाला, गालांना, हातांना. बाया गाऊ लागल्या. मला वाटलं, चला, एवढं तरी स्वच्छ झालं.

मग हात धुवायला मागच्या अंगणात गेले. गुदामाचं दार उघडं होतं. आत नुसती जमीन, आणि जमिनीवर पोत्यांचे पिवळे चौकोन.

तू मांडवात पाहुण्यांना सुपारी देत होतास. मी तशीच आले, हात बरबटलेले.

"तोफाज्जल, पोती कुठे आहेत?"

"कुठली पोती?"

"गुदामातली!"

"हां, ती... ती नेली ना."

"कोणी?"

"बेपारी आला होता. होडी घेऊन. दुपारी... मोर्शेदा सोनाराकडे गेली होती त्या दिवशी."

"कुठला बेपारी? नाव काय?"

तू कपाळाला हात लावलास. "चांगला माणूस होता. पान दिलं त्याने मला."

"तू आईच्या मुसल्ल्यावर हात ठेवला होतास!"

आणि तू माझ्याकडे बघून म्हणालास, "कधी?"

त्या 'कधी'ला मी तुझ्या थोबाडीत मारली. साठीतल्या भावाला, भर मांडवात, त्याच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी. तुझ्या गालावर पाच बोटं पिवळी उठली आणि बाया खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, बहिणीने भावाला हळद लावली. एकीने तर दुसऱ्या गालालाही लावली. आणि तूही हसलास, तोफाज्जल. मार खाऊन तू त्यांच्याबरोबर हसलास.

तहमिनाला सासरी पाठवली आणि चार दिवसांनी इफ्फत तुझ्या रक्ताचं उत्तर घेऊन आली. माझ्याकडे आली आधी, तुझ्या घरी जायचा तिला धीर झाला नाही. रुमकी, लाइजू, गावातल्या सगळ्या बाया, कोणाचंच नाही एवढं तुझं. खाऊन नाही, श्वासातून. ड्रममध्ये पुडी टाकताना जी धूळ उडायची, ती तू आयुष्यभर ओढलीस. घरात चुरा खाऊन बायकापोरं वाचली, आणि तू गिरणीत उभा राहून रोज नाकाने जेवत होतास.

आता मी सगळं मागे जाऊन बघते आहे. तू हाटात जाऊन रिकामा परत आलास. बोलावणी दोनदा वाटलीस. आईचा दिवस विसरलास. मी समजत होते, भाऊ मोठा झाला, गिरणीवाला झाला, आईला विसरला. वर्षभर त्यावर मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. तो विसर तुझ्या मनातला होता की त्या पुडीतला? आणि पोती? शपथ विसरून विकलीस, की आठवत असूनही पोरीच्या लग्नासाठी विकलीस आणि आता विसरण्याच्या पदराआड लपतोस? मला कळत नाही. तुलाही कळत नसेल, हेच मला जाळतं. ज्या माणसावर रागवायचं, तो जाग्यावर आहे की नाही याचीच खात्री नाही! तुझ्या वाट्याच्या रागाचं मी काय करू?

बरं. राग चुलीत घालते, पोती हाटात आहेत.

मोक्सेदच्या व्हॅनवरून मी आणि लाइजूचा बाप मधुखोल्याचा हाट पाहून आलो. शिवतलाही पाहिला. प्रत्येक दुकानात हळद तळहातावर घासते; रंगवलेली असली की हात लगेच पिवळा होतो, पुसला तरी जात नाही. दुकानदार ओरडतात, "ए म्हातारे, घेणार आहेस की सगळा हाट चोळणार आहेस?" एक म्हणाला, "नानी, तुझी हळद हरवलीय का?" म्हटलं, हो बाबा, माझ्या भावाची हरवलीय. पिवळे हात पुष्कळ झाले माझे, कारण तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे गल्लोगल्ली आहेत. इफ्फतचे साहेब त्यांचं बघतील, न बघतील. पण तुझी पोती तुझी आहेत. कुठल्याशा घरी आजच कोणी नानी दुधात चमचा घालत असेल, पोरीचं डोकं तल्लख व्हावं म्हणून. ती पोती कुठे गेली, हे जगात एकाच डोक्यात आहे, आणि त्या डोक्याला त्याच पोत्यांनी भोक पाडलंय.

म्हणून आठव. मी तुला मदत करते. होडीला इंजिन होतं की वल्ही? छपराला कुठल्या रंगाची ताडपत्री? पान दिलं म्हणतोस. साधं होतं की जर्दा घातलेलं? जर्द्याने तुला ठसका लागतो, लागला होता का? पोती कोणी उचलली, त्याचे मजूर की तू? मजूर कुठल्या गावची बोली बोलत होते? होडी धारेबरोबर गेली की धारेविरुद्ध? एवढं एक कळलं तरी अर्धे हाट गळतील. मोर्शेदा सोनाराकडे गेली होती तो वार तिला विचार. दुपारी गुदामाच्या पायरीवर जाऊन बस. त्या बाजूला तोंड कर. घाई करू नकोस. आठवेना म्हणून चिडू नकोस, डोकं आपटून घेऊ नकोस. आणि ड्रमच्या जवळ जाऊ नकोस, त्या खोलीला बाहेरून कडी घालायला मी मोर्शेदाला सांगितलंय.

मोक्सेदबरोबर पुरचुंडी पाठवते आहे. परसातली कच्ची हळद आणि खजुराच्या गुळाचा खडा. इफ्फतला विचारलं, याने आठवेल का? ती म्हणाली, "नानी, असं सांगता येत नाही." नसेल सांगता येत. सकाळी उठल्याउठल्या चाव. कोंबड्यांपुढे टाकायची नाही, मी मोर्शेदाला समोर उभं राहायला सांगितलंय.

रुमकी काल सात नव्वे त्रेसष्ट म्हणाली. आज विचारलं तर पुन्हा बोटं मोजायला लागली. पण काल म्हणाली होती. लाइजूचं बाळ पोटात लाथा मारतं, त्यावर आम्ही दिवस काढतो.

तुझे गुडघे, मोर्शेदाची साखर, तांबडीचं वासरू, सगळ्यांचं कुशल लिही. पण ते खाली लिही. वरती बेपाऱ्याचं लिही. मी अजून रागावलेली आहे आणि तू लिहीपर्यंत रागावलेलीच राहीन. वाकडंतिकडं लिही, चुकलेलं लिही, एकच शब्द आठवला तर तेवढाच लिही. मोक्सेदला तुझ्या पायरीवर बसवून ठेवलंय, कागद घेतल्याशिवाय तो उठणार नाही.

आठवलं की लगेच लिही, तोफाज्जल. आणि नाही आठवलं, तरी आजच लिही. कशासाठी लिहायचं होतं तेच विसरून जायच्या आत.

तुझी बुबू,
जोबेदा